हेडलाइट, उसाच्या ट्रॉल्या आणि रानडुकराचे डोळे

"डॉक्टर, कुठला बल्ब टाकू?" हा प्रश्न मला डेअरीच्या कट्ट्यावर, गोठ्यात, एकदा तर म्हशीला सलाइन लावत असतानाही विचारला गेलाय. मी गुरांचा डॉक्टर. रात्री-अपरात्री गाडी घेऊन फिरणाऱ्या माणसाला हेडलाइटमधलं कळत असणार, असा लोकांचा समज आहे. थोडंफार कळतं, पण माझ्या उत्तराची सुरुवात बल्बपासून होत नाही. ती तारांपासून होते, आणि तारांची गोष्ट ऐकायला कुणी थांबत नाही. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

माझा भाग शिराळा तालुका. पेठ नाक्याला हायवे सोडला की शिराळा, कोकरूड, चरण, आरळा असं वारणेच्या कडेकडेनं थेट चांदोलीपर्यंत. म्हैस व्यायला अडते ती बहुतेक वेळा रात्री. निदान मालकाच्या लक्षात येतं ते रात्रीच. दिवाळीपासून पुढं गळीत हंगाम. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, उसाचे शेंडे मागं हातभर बाहेर लोंबलेले, टेललाइट असलाच तर पाचटाखाली गाडलेला. त्यातून बैलगाड्या. पावसाळ्यात आरळ्याच्या वर धुकं, आणि जंगलातून खाली उतरणारे गवे, रानडुकरं. बिबट्या तर आता उसातच राहतो.

या रस्त्यावर ताशी ८० नं जायचं म्हटलं तर हिशेब असा पडतो. ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोर काहीतरी आहे हे डोक्यात शिरून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, त्यात ३३ मीटर गेले. कोरड्या डांबरावर गाडी थांबायला आणखी ३५ ते ४०. झाले सत्तर. साध्या हॅलोजनच्या डिपरवर, म्हणजे खाली झुकवलेल्या दिव्यावर, न चमकणारी काळी वस्तू ५०-६० मीटरच्या पलीकडं दिसली तर नशीब म्हणायचं. याचा अर्थ ८० नं जाणारा माणूस शेवटचे दहा-वीस मीटर देवाच्या भरवशावर चालवतो. ताशी ५० ला हाच आकडा पस्तीस मीटरच्या आसपास येतो. मी रात्री पन्नासच्या वर जात नाही. मागनं हॉर्न वाजवणारे वाजवतात.

आता जरा माझ्या धंद्यातलं. गाय, म्हैस, कुत्रं, मांजर, बिबट्या यांच्या डोळ्याच्या पडद्यामागं एक चकाकणारा थर असतो, टॅपेटम ल्युसिडम. आत आलेला प्रकाश तो परत फेकतो, म्हणून रात्री त्यांचे डोळे दिव्यात हिरवे-पिवळे पेटतात. बऱ्याच वेळा जनावर दिसायच्या आधी डोळे दिसतात आणि आपण वाचतो, तेही वाचतं. डुकराला मात्र हा थर नाही. माणसालाही नाही. अंगानं काळपट, डोळे विझलेले, उंचीला मांडीएवढं आणि पळण्यात बेभान असं जनावर हेडलाइटसमोर आलं की त्याची आगाऊ सूचना कसलीच मिळत नाही. आणि रस्त्यात पाठमोरी उभी असलेली म्हैस म्हणजे तर डांबराचाच एक तुकडा. तिचे डोळे कितीही चमकोत, ते पलीकडच्या बाजूला आहेत.

म्हणजे प्रकाश पाहिजेच. तो कुठून आणायचा एवढाच प्रश्न.

माझी गाडी जुनी हॅचबॅक, एच-फोर बल्बची. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या बऱ्याच जुन्या छोट्या गाड्या याच बल्बवर चालतात. एकाच बल्बात दोन फिलामेंट, म्हणजे तापून उजळणाऱ्या तारा. अप्परचं, म्हणजे लांबवर पडणाऱ्या दिव्याचं, ६० वॉटचं, डिपरचं ५५ वॉटचं. कागदावर डिपरचा प्रकाश साधारण हजार ल्युमेन (ल्युमेन हे प्रकाशाचं माप). पण हा कागदावरचा आकडा १३.२ व्होल्टला मोजलेला असतो, आणि खरी गोम इथंच आहे.

नवे बल्ब टाकूनही पुढं पिवळाच उजेड पडत होता, तेव्हा मी शिराळ्यातल्या आमच्या वायरिंगवाल्याकडं गेलो. साठीचा माणूस, तोंडात कायम तंबाखू. त्यानं बल्ब काढूनसुद्धा पाहिला नाही. गाडी चालू ठेवायला सांगितली, डिपर लावायला सांगितला आणि मल्टीमीटर घेतला. बॅटरीच्या टर्मिनलवर १३.८ व्होल्ट. मग होल्डरच्या मागून पिना घालून बल्बच्या तोंडाशी मोजलं. ११.९.

"डॉक्टर, बल्बला काय झालंय? बल्ब उपाशी हाय तुमचा," तो म्हणाला.

हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही. तो व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातानं पडतो. १३.८ च्या जागी ११.९ मिळाले म्हणजे व्होल्टेज १४ टक्क्यांनी कमी, पण प्रकाश जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी. कितीही भारीतला बल्ब आणा, त्याच्या पदरात हेच ११.९ पडणार. आणि दुकानदार काउंटरवर बारा व्होल्टची चांगली बॅटरी लावून बल्ब पेटवून दाखवतो, तिथं तो झगझगीत दिसतोच.

हे दोन व्होल्ट जातात कुठं? जुन्या छोट्या गाड्यांत करंट बॅटरीपासून निघून आत स्टिअरिंगजवळच्या स्विचपर्यंत येतो, त्याच्या झिजलेल्या कॉन्टॅक्टमधून जातो आणि मग बारीक तारेनं परत पुढं बल्बकडं येतो. दोन बल्बांचे ११० वॉट, म्हणजे नऊ अँपिअर, या सगळ्या फेऱ्यातून. वाटेत प्रत्येक कपलर, प्रत्येक गंजलेली पिन आपला वाटा कापून घेते. अर्थिंगकडं तर कुणी बघतच नाही. बल्बची अर्थची पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात मोजलं तर माझ्या गाडीत अर्धा व्होल्ट तिथंच अडकला होता. बॉडीला जिथं अर्थचा नट कसला होता तिथं गंज. घासून, नवा नट लावून, वर ग्रीस फासलं, पैसे चहाचे.

उरलेल्यासाठी रिले, म्हणजे थोड्या करंटनं चालणारा मोठ्या करंटचा स्विच. कल्पना साधी आहे. बॅटरीवरून फ्यूज घालून अडीच चौरस मिलिमीटरची जाड तार थेट रिलेच्या ३० नंबरच्या पिनेवर आणायची, ८७ वरून बल्बला न्यायची. हेडलाइटची मूळ तार ८५ आणि ८६ वर. आता स्विचमधून फक्त रिलेची कॉइल ओढण्यापुरता करंट जातो, अँपिअरचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. बल्बचा खुराक बॅटरीतून सरळ. डिपरला एक रिले, अप्परला एक. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा, कारण फ्यूजच्या अलीकडं तार कुठं घासून उघडी पडली तर आग अडवायला काही नाही. तयार हार्नेसही, म्हणजे तारांचा जोडलेला संच, मिळतो. मी आमच्या वायरिंगवाल्याकडून तारा ओढून घेतल्या, नळीत घालून, पत्र्याच्या धारेपासून लांब. काम झाल्यावर बल्बपाशी १३.४ आले. बल्ब तेच, जुनेच. रात्री कोकरूडच्या रस्त्याला लागलो तर कडेचे दगड मोजता येत होते.

एक तोटा सांगून ठेवतो. पोटभर करंट मिळालेला बल्ब लवकर जातो. व्होल्टेज पाच टक्के वाढलं की हॅलोजनचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. वर्षानुवर्षं टिकलेला बल्ब ही कौतुकाची गोष्ट नाही, तो मंद जळत होता एवढाच त्याचा अर्थ. मी डिकीत एक जादा बल्ब ठेवतो. बदलताना काचेला बोट लावायचं नाही. ती क्वार्ट्झची असते, शेकडो अंशांना तापते, आणि बोटाचं तेल राहिलं की तेवढ्याच जागी जास्त तापून बल्ब फुटतो किंवा फुगतो. लागलंच बोट तर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा.

आणि अलीकडच्या ज्या गाड्यांत दिवे कॉम्प्युटर सांभाळतो, तिथं या भानगडीत पडू नका. तिथं तार कापली की डॅशबोर्डवर दुसरेच दिवे पेटतात, शिवाय वॉरंटी जाते.

तारांनंतर काच. काच म्हणायची आपली पद्धत, असतं ते पॉलिकार्बोनेट. कंपनीतून येताना त्यावर अतिनील किरणांपासून वाचवणारा कडक थर असतो. उन्हात तो पाच-सात वर्षांत मरतो आणि आतलं प्लास्टिक पिवळं, खरखरीत होतं. पिवळ्या काचेनं प्रकाश नुसता कमी होत नाही, विखुरतो. जो खाली रस्त्यावर पडायचा तो वर समोरच्याच्या डोळ्यात जातो. टूथपेस्ट लावून चकचकीत करायचा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नाच्या वरातीपुरता चालतो. नीट करायचं तर कडेच्या रंगाला मास्किंग टेप लावून वॉटर पेपर, पाणी घालत घालत. ८०० नंबरपासून सुरू, मग १५००, २०००, शेवटी ३०००. मग बफिंग. इथं बहुतेक जण थांबतात, कारण काच आरशासारखी झालेली असते. पण वरचा थर तुम्हीच घासून काढलाय. त्यावर अतिनील रोखणारा क्लिअर कोट मारला नाही तर पुढच्या मे महिन्यात परत पिवळी. गाडीला रंग मारणारा पेंटर हे काम करतो, त्याला मुद्दाम सांगावं लागतं.

आतला रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर मात्र हात लावू नका. त्यावर ॲल्युमिनियमचा इतका पातळ मुलामा असतो की फडक्यानं पुसला की निघून येतो. तिथं नवा हेडलाइटच. घेताना काचेवर मान्यतेची खूण, म्हणजे गोलात ई आणि आकडा, कोरलेली आहे का बघा, आणि त्याच्या आसपास बाण आहे का तेही. आपण डावीकडून चालणारे लोक. आपल्या हेडलाइटचा डिपर डाव्या कडेला थोडा वर चढतो, म्हणजे कडेचा माणूस, सायकल, मैलाचा दगड दिसावा. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठीचा दिवा बसवला तर तोच चढलेला प्रकाश समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात. डाव्या रहदारीच्या दिव्यावर बाण असतो, नुसत्या उजव्या रहदारीच्या दिव्यावर नसतो. स्वस्तातल्या दिव्यावर बऱ्याचदा काहीच नसतं, तेव्हा दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नका.

बल्बमागं रबराचं बूट असतं ते गॅरेजवाले घाईत बसवत नाहीत, आणि मग पावसाळ्यात काचेत पाणी. बल्ब बदलून आणलात की बॉनेट उघडून तेवढं बघा.

आता फोकस. गाडी सपाट जागी, टायरात हवा बरोबर, ड्रायव्हरच्या जागी माणूस बसलेला, समोर दहा मीटरवर भिंत. बल्बच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तिथं खडूची रेघ. डिपरची वरची कड त्या रेघेच्या साधारण दहा सेंटिमीटर खाली पाहिजे. बऱ्याच हेडलाइटवर हे प्रमाण टक्क्यात छापलेलंच असतं, एक टक्का म्हणजे दहा मीटरला दहा सेंटिमीटर. बॉनेटमधून हेडलाइटच्या मागं दोन स्क्रू असतात, एक वरखाली, एक डावं-उजवं. मी डेअरीच्या गोडाऊनची भिंत वापरतो. रात्री तिथं कुत्री सोडून कुणी नसतं.

आणि डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं जे चाक असतं ते शोभेचं नाही. माझ्या डिकीत वीर्यकांड्यांचा नायट्रोजनचा कंटेनर, औषधांच्या पेट्या, वर मागच्या सीटवर दोन माणसं. मागचं बूड बसलं की नाक वर होतं आणि डिपर झाडांच्या शेंड्यांवर. अशा वेळी चाक १ किंवा २ वर न्यायचं. एकटा असलो की परत ०. गाडी विकत घेऊन दहा वर्षं झालेल्या लोकांना मी हे चाक दाखवलंय आणि त्यांनी आधी तो एसीचा भाग असल्याचं सांगितलंय.

एवढं सगळं केल्यावर मग बल्ब. ६०/५५ चा चांगल्या कंपनीचा साधा बल्ब माझ्या मते पुरतो. जास्त उजेडाचे म्हणून ओसराम, फिलिप्स यांचे जे महागडे हॅलोजन येतात त्यांत वॉट तेवढेच, फिलामेंट जास्त घट्ट गुंडाळलेलं, प्रकाश जरा लांब जातो, आयुष्य कमी. परवडत असेल तर घ्या. निळसर काचेचे सुपर व्हाइट घेऊ नका. तो निळा रंग म्हणजे गाळणी आहे, फिलामेंटमधून निघालेला पिवळा-तांबडा प्रकाश ती अडवते. दिसायला पांढरा, रस्त्यावर कमी. पावसात तर ओल्या डांबरावर काहीच उरत नाही.

१००/९० चे बल्ब हा आमच्याकडचा जुना शौक. जीपवाले पहिल्यांदा तेच टाकतात. त्याच बारीक तारेतून नऊच्या जागी पंधरा अँपिअर ओढायचे, म्हणजे व्होल्टेज आणखी पडतं आणि वाढवलेल्या वॉटमधले बरेचसे तारा तापवण्यातच जातात. प्लास्टिकचा होल्डर वितळलेला मी पाहिलाय, रिफ्लेक्टर भाजून तपकिरी झालेलेही पाहिलेत. शिवाय गाडी पास झालीय ती ६०/५५ वर.

आणि एलईडी. इथं मी जरा तापतो, समजून घ्या.

एच-फोरमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. ती खालच्या अर्ध्या रिफ्लेक्टरवर प्रकाश पडूच देत नाही, म्हणून डिपरची वरची कड आडवी कापलेली मिळते. सगळी भूमिती त्या केसाएवढ्या फिलामेंटच्या नेमक्या जागेवर बेतलेली आहे. रिफ्लेक्टर त्या जागेकडं बघूनच घडवलाय. तिथं तुम्ही एका पट्टीच्या दोन्ही बाजूंना चिप चिकटवलेला एलईडी घातला की प्रकाश निघायची जागा बदलते, रुंदी बदलते. मिलिमीटरभराचा फरक इथं, तर पन्नास मीटरवर रस्ता सोडून समोरच्याच्या काचेत. काही महागड्या एलईडीत वाटीची नक्कल केलेली असते, ती बरी, पण जेमतेम बरी. मूळ कंपनीतून एलईडीसाठीच घडवून आलेला हेडलाइट ही वेगळी गोष्ट, त्याला माझी हरकत नाही. त्याचं दुखणं एवढंच की बिघडला तर बल्ब बदलून भागत नाही.

एलईडी टाकलेली पोरं शपथेवर सांगतात, सगळं लख्ख दिसतंय. खरं सांगतात. गाडीच्या पुढचे दहा-पंधरा मीटर दुधासारखे पांढरे होतात. डोळा त्या उजेडाला सरावतो, बाहुली बारीक होते, आणि पन्नास मीटरवरची ट्रॉली आधीपेक्षा काळी दिसते. बघणाऱ्याला वाटतं उजेड वाढला. हवा होता तिथं तो कमी झालाय. समोरून येणाऱ्या माझ्यासारख्या चोपन्न वर्षांच्या माणसाची गत निराळीच. वय वाढेल तसा डोळ्याला झगमगाटानंतर सावरायला जास्त वेळ लागतो. त्या तीन-चार सेकंदांत माझी गाडी पन्नासच्या वेगानंही चाळीस-पन्नास मीटर पुढं गेलेली असते, आंधळी.

पूर्वी आपल्याकडं ट्रक आणि गाड्यांच्या हेडलाइटच्या वरच्या भागावर काळा पट्टा नाहीतर काळी टिकली रंगवलेली असायची. गावठी उपाय होता, पण समोरच्याचा विचार त्यात होता.

धुक्याबद्दल थोडंच. पिवळा प्रकाश धुकं भेदतो असं म्हणतात, तसं काही नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा इतके मोठे असतात की पिवळा-पांढरा असा भेद ते करत नाहीत. पिवळ्यात निळा भाग नसल्यानं डोळ्याला त्रास कमी होतो, हा फायदा खरा. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत हेडलाइट पिवळेच असायचे. आरळ्याच्या वर मी अप्परला हात लावत नाही, खाली बसवलेले फॉग लॅम्प आणि डिपर, आणि वेग पंचवीस-तीस. हॅलोजनचा एक फायदा तिथं कळतो. त्याची उष्णता काचेवर पोचते आणि दव सुकतं. एलईडीची काच थंडगार राहते.

चष्मा असेल तर तो पुसा, ओरखडे पडले असतील तर बदला. पुढची काच आतून पुसा. आतून कुणी पुसत नाही.

शेवटी, हेडलाइट कितीही सुधारला तरी समोरच्या वस्तूनं प्रकाश परत पाठवला तरच ती दिसते. म्हणून गेल्या काही हंगामांपासून माझ्या बॅगेत औषधांबरोबर रेडियमच्या पट्टीची गुंडाळी असते, लाल आणि पांढरी. गोठ्यातलं काम उरकलं की अंगणात उभ्या ट्रॉलीच्या मागच्या फळीवर लाल, ट्रॅक्टरच्या तोंडाला पांढरी. चिखलावर चिकटत नाही, आधी स्पिरिटनं पुसावं लागतं आणि ते माझ्याकडं असतंच. सुरुवातीला लोक हसायचे. चरणला एका म्हातारबांनी ट्रॉलीचं काम बघून झाल्यावर विचारलं, "आवं डॉक्टर, म्हशीच्या शिंगालाबी लावा की जरा. रोज पहाटं रस्त्यानंच जातीया." लावून बघितली. शिंगाला तेल चोपडलेलं, दुसऱ्या दिवशी पट्टी गोठ्यात पडलेली. मग जुन्या सीटबेल्टच्या पट्ट्यावर रेडियम शिवून गळ्यात बांधायची युक्ती त्यांच्या सुनेनं काढली. ती टिकली आहे. आता शिलाईचे पैसे किती घ्यायचे यावरून त्या घरात वाद चालू आहे, कारण शेजारच्या चौघांना तसेच पट्टे हवेत.